मोजदाद : शस्त्रक्रियागृहातील जमाखर्च

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या शरीरात एखादा मॉप, सुई अथवा चिमटा राहून जाणे ही घटना विरळ असली, तरी तिच्या शक्यतेपासून कोणतेही रुग्णालय मुक्त नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे. शल्यतंत्राविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु हा प्रश्न मुळात मोजदादीचा आहे, आणि तो विषय आमच्या परिचयाचा आहे.

१९६३ साली तत्कालीन औरंगाबाद येथील शासकीय रुग्णालयात संततिनियमनाच्या शस्त्रक्रियेत एका मातेच्या पोटात मॉप राहिला व ती दगावली. तेहेतीस वर्षांनी, १९९६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासनास जबाबदार धरून ३६,००० रुपयांची भरपाई कायम केली. अशी वस्तू पोटात सापडणे हाच निष्काळजीपणाचा पुरावा होय, हे तत्त्व त्यात मान्य झाले.

मग मोजणी केली की प्रश्न मिटतो काय? डॉ. अतुल गवांदे व सहकाऱ्यांनी २००३ साली अमेरिकेतील अशा ५४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. राहिलेल्या वस्तूंपैकी ६९ टक्के कापडी होत्या. जेथे मोजणी झाली होती, त्यांपैकी ८८ टक्के प्रकरणांत ती ‘बरोबर’ ठरली होती! तातडीच्या शस्त्रक्रियेत हा धोका सुमारे नऊपट, तर ऐनवेळी बेत बदलल्यास चौपट आढळला.

हिशेबनिसास याचे नवल वाटणार नाही. तेरीज जुळली म्हणजे खतावणी निर्दोष, असे नव्हे. पाच मॉपच्या गठ्ठ्यात चुकून सहा असले आणि सिस्टरने वेष्टनावरील आकडाच नोंदविला, तर शेवटी पाच बाहेर आले की हिशेब जुळतो. सहावा मात्र आत राहतो. म्हणून प्रत्येक गठ्ठा सोडवून, दोघींनी एकाच वेळी, मोठ्याने मोजणे आवश्यक आहे. आकडा कमी-अधिक भरल्यास संपूर्ण गठ्ठा बाजूस ठेवावा. मध्येच घेतलेली प्रत्येक वस्तू त्याच क्षणी फळ्यावर चढवावी. पोट शिवण्यापूर्वी, त्वचा शिवण्यापूर्वी आणि पाळी बदलताना पुन्हा मोजावे. अंतिम मोजणी होईपर्यंत कचरा व कपडे खोलीबाहेर जाऊ नयेत. क्ष-किरणांत दिसणारा धागा असलेलेच मॉप वापरावेत, व ते कधीही कापू नयेत.

आकडा न जुळल्यास शिवणे थांबवून शोध घ्यावा. रुग्णाची प्रकृती साथ देत असेल तर तेथेच क्ष-किरण चित्र काढावे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली दिलेल्या सुरक्षा-सूचीतही रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी मोजणी पूर्ण झाल्याचे परिचारिकेने मोठ्याने सांगावे, असे नमूद आहे.

या सर्वांचा आधार एकच : कनिष्ठ सिस्टरने ‘थांबा’ म्हटल्यावर ज्येष्ठ शल्यविशारदांनीही थांबले पाहिजे. पेढीवर नवशिक्या कारकुनाने दाखविलेली तफावत मालकासही मानावी लागते. येथे तर शिल्लक रकमेची नसून एका जिवाची आहे. या थांबण्यास लागणारा वेळ खर्चाच्या बाजूस लिहू नये. तो रुग्णसेवेचाच भाग आहे, हे विश्वस्त, देणगीदार व कर्मचारी या सर्वांनी ध्यानी घ्यावे, ही विनंती.