मोबाईलवरचा अभंग आणि प्रमाण-विचार

आजकाल सकाळी मोबाईल उघडावा तो एखादा अभंग आलेलाच असतो. शेवटी ‘तुका म्हणे’ ही मुद्रा असते. श्रोते आम्हांस विचारतात, “बुवा, हा गाथ्यात कुठे आहे?” पुष्कळदा तो तेथे नसतोच. तेव्हा असे वचन प्रमाण मानावे की नाही, याचा विचार करू.

पूर्वपक्ष असा : संतवाणी मुखपरंपरेने आली, एका कीर्तनकाराच्या बाडातून दुसऱ्याच्या बाडात उतरली; मग मोबाईल म्हणजे नवे बाडच की! यात तथ्य आहे. अमेरिकेतील अभ्यासक ख्रिश्चन नोवेट्झके यांनी २००८ च्या आपल्या ग्रंथात हेच दाखविले आहे, की नामदेवरायांची स्मृती कीर्तनाने व बाडांनी राखली आणि त्यांची नाममुद्रा पुढे अनेकांनी घेतली. म्हणजे मुद्रेवरून कर्ता सिद्ध होत नाही.

यास उत्तर असे : बाडाला धनी होता. तो कोणत्या फडावरचा, कोणत्या गुरूपाशी शिकला, हे लोकांस ठाऊक असे. चरण चुकला तर मागचा टाळकरी तिथल्या तिथे सावरून घेई. मोबाईलवरच्या वचनाला धनी नाही. आप्ताचे वाक्य ते शब्दप्रमाण, असे न्यायशास्त्र सांगते. आप्त कोण तेच कळत नाही, तेथे प्रमाण कशाचे? नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो भक्ती कमी होती म्हणून नव्हे. ती फार होती म्हणूनच. १८६९ साली मुंबईत निघालेली तुकोबांची गाथाही जुन्या वह्या ताडूनच सिद्ध झाली.

दुसरा दोष कापाकापीचा. दोन तासांच्या कीर्तनातून एक मिनिट उचलतात. वक्ता खंडनासाठी पूर्वपक्ष मांडतो. तेवढाच तुकडा गावोगाव फिरतो आणि लोक त्यालाच सिद्धांत समजतात! श्रोता फसतो, आणि त्या तुकड्यांवरून संप्रदायाचा अभ्यास करणारा पंडितही फसतो.

मग यंत्र टाकावे काय? नाही. २०२० साली महामारीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. तेव्हा घरी बसलेल्या वारकऱ्यास पडद्यावरचे दर्शनच आधार झाले. अंथरुणाला खिळलेल्यास तो आजही आहे. पण धडधाकटाने त्यावर वारी भागवू नये. दर्शन पडद्यावर होईल; सहवास, चालणे, एकमेकांच्या पाया पडणे तेथे कसे घडणार?

तरी नियम सोपा ठेवावा. आलेला अभंग पुढे धाडण्याआधी गाथ्यात पाहावा. न सापडल्यास फडावरच्या जाणत्यास विचारावे. तोवर चांगले वचन म्हणून खुशाल वाचावे, पण संतांच्या नावावर घालू नये. संतांचे नाव हे आपले धन आहे. त्यात खोटे नाणे आपल्या हातून मिसळू नये.

रामकृष्ण हरी.