एंजिनाचा थरथराट आणि क्लचची झीज

मोटारगाडी थरथरूं लागली म्हणजे पुष्कळ लोक "एंजिन गेलें" असें म्हणून मोकळे होतात. गेल्या मे महिन्याच्या सुटींत माझ्या एका आप्तांवर हाच प्रसंग आला. त्यांची जुनी डिझेल गाडी उभी असतांना इतकी हादरे कीं आरशांत मागचा रस्ता ओळखूं येत नसे. आणि चढावर तर ती ओरडे फार व चाले थोडें. एका मिस्त्र्यानें पाहतांच निकाल दिला, "एंजिन खोलावें लागेल." मुलीच्या महाविद्यालयाच्या शुल्कासाठीं बाजूला ठेविलेले पैसे त्यांत जावयाचे होते. शास्त्राचा शिक्षक म्हणून त्यांनीं माझें मत विचारलें. मीं मत दिलें नाहीं. आधीं कांहीं प्रयोग करून पाहूं, असें म्हटलें. तेच प्रयोग येथें विद्यार्थ्यांपुढें मांडतों. पालकांपैकीं ज्यांच्या दारीं अशी गाडी असेल, त्यांसही ते उपयोगी पडतील.

प्रथम हें एंजिन चालतें कसें तें पाहूं. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन यंत्रशास्त्रज्ञाचें एंजिन १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें यशस्वी ठरलें. त्यांत ठिणगी नसते. जुन्या डिझेल गाड्यांत सिलिंडरांतील हवा आपल्या आकारमानाच्या सुमारें विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते. सायकलींत हवा भरतांना पंपाचें तोंड तापतें, हें आपण सर्वांनीं अनुभविलें आहे. येथें तीच उष्णता ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. ह्या तप्त हवेंत नोझलांतून डिझेलचा बारीक फवारा सुटला कीं तो आपोआप पेट घेतो. म्हणजे दाब पुरेसा हवा, फवारा योग्य हवा, आणि डिझेलच्या नळींत हवेचा बुडबुडा नको. यांपैकीं एक गोष्ट बिघडली कीं ठोका चुकतो.

आतां थोडें गणित. चार सिलिंडरांचें एंजिन उभ्या गाडींत मिनिटास ८०० फेरे घेत आहे असें समजा. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांस एकदां पेटतो, म्हणजे मिनिटास ४०० वेळां. चौघांचे मिळून १६०० ठोके झाले. इतके जलद ठोके शरीरास वेगवेगळे कळत नाहींत. परंतु एक सिलिंडर मुका झाला, तर सेकंदास सहा-सात वेळां एक पोकळी पडते, आणि ती आसनाखालीं स्पष्ट जाणवते.

सायलेन्सरच्या तोंडाशीं कागदाची पट्टी धरून पहावी. ती एकसारखी फडफडत असेल, तर दोष बहुधा एंजिनाच्या पोटांत नसून तें ज्या रबरी ठोकळ्यांवर बसविलेलें असतें, ज्यांस मिस्त्री लोक फाउंडेशन म्हणतात, त्यांत असतो. आमची पट्टी ठराविक अंतरानें अडखळत होती. थरथराट केवळ सकाळीं, पांढऱ्या धुरासह, मिनिटभरच होत असेल, तर हीटर प्लग तपासावे. आमचा तर एंजिन तापल्यावरही तसाच. डिझेलच्या नळींत पारदर्शक तुकडा बसवून पाहिला, बुडबुडे नव्हते.

मग, ह्याच कामांत केस पिकलेल्या दुसऱ्या एका मिस्त्र्यांनीं, एंजिन चालू ठेवून एकेका नोझलाच्या नळीचा नट पान्यानें किंचित् सैल केला व पुन्हां आवळला. पहिला सैल करितांच एंजिनाचा आवाज पडला. दुसऱ्याचें तसेंच, चौथ्याचेंही तसेंच. तिसरा सैल केला, तर कांहींच फरक नाहीं! जो कामच करीत नव्हता, त्याची भाकर काढून घेतली काय नि न घेतली काय.

विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग स्वतः मुळींच करूं नये. फवाऱ्याचा दाब १०० वातावरणांहून अधिक असतो. तो कातडी भेदून आंत शिरतो, आणि जखम दिसावयास टांचणीएवढी असली तरी तत्काळ रुग्णालय गांठावें लागतें. नव्या 'कॉमन रेल' गाड्यांत तर हा दाब १००० वातावरणांच्याही वर जातो. तेथें चालत्या एंजिनाच्या नळीस कोणीही हात लावावयाचा नसतो.

तिसरा सिलिंडर मुका, एवढें ठरलें. परंतु मुका कां? दाब कमी असेल तर पहिल्या मिस्त्र्याचें म्हणणें खरें, व एंजिन खोलणें भाग. नोझल खराब असेल तर खर्च अगदींच थोडा. आम्हीं एंजिन बंद करून दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरांचीं नोझलें, तांब्याचे नवे वॉशर घालून, आपसांत बदललीं आणि नटांची परीक्षा पुन्हां घेतली. आतां दुसरा मुका, तिसरा बोलका! दोष सिलिंडरांत असता, तर तो तिसऱ्यांतच राहिला असता. तो नोझलाबरोबर हिंडला. एक नवें नोझल बसविलें आणि गाडी शांत उभी राहिली.

परंतु चढावरचें रडगाणें संपेना. वाईहून पांचगणीस जातांना पसरणीच्या घाटांत एंजिनाचे फेरे वाढत, वेग मात्र वाढत नसे, आणि जळकट वास येई. हा रोग निराळाच होता. फ्लायव्हील व प्रेशर प्लेट यांच्यामध्यें घर्षणाचें अस्तर लावलेली क्लच प्लेट स्प्रिंगच्या जोरानें चिमटलेली असते. अस्तर झिजलें कीं चिमटा सैल पडतो. सपाट व मोकळ्या जागीं हातब्रेक ओढून, गाडी वरच्या गिअरमध्यें घालून, पेडल हळूहळू सोडावें. क्लच चांगला असेल तर एंजिन तत्काळ बंद पडतें. आमचें चालूच राहिलें. ही परीक्षा एकदांच घ्यावी, कारण तिनें प्लेट तापते.

तरीही लगेच प्लेट बदलूं नये. तारेनें चालणाऱ्या क्लचमध्यें पेडल प्रथम थोडें सैल खालीं जावें लागतें. प्लेट झिजते तशी प्रेशर प्लेटचीं बोटें रिलीज बेअरिंगकडे सरकतात व ही सैल जागा कमी होते. ती उरलीच नाहीं, तर क्लच नेहमींच अर्धवट दाबलेला राहतो, आणि चांगली प्लेटही घसरते. पेडलवर पाय विसावून गाडी चालविण्यानें हाच परिणाम होतो. आमच्या आप्तांनीं ती संवय साफ नाकारली; शेजारीं बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती मात्र हंसल्या.

तार सैल केली. तीन आठवडे बरें चाललें, मग पुन्हां तोच वास. तेव्हां मात्र गिअरबॉक्स उतरविला. अस्तर रिव्हेटांच्या डोक्यांपर्यंत झिजलें होतें. आणखी कांहीं दिवस गेले असते, तर फ्लायव्हीलवर चरे पडले असते. नवी प्लेट बसवूनही शुल्काच्या पैशांस हात लावावा लागला नाहीं. जुनी प्लेट मीं मागून आणिली असून ती शाळेच्या शास्त्र-विभागाच्या कपाटांत आहे. एका बाजूचे तीन रिव्हेट घासून चकाकत आहेत. ज्यांस पहावयाचे असतील, त्यांनीं मधल्या सुटींत यावें.