धडधाकट माणूस जातो तेव्हा

आमच्या भागात एखादा तरणाताठा माणूस गेला, की तो कशाने गेला हे फारसे कुणी विचारत नाही. कुणामुळे गेला, हे विचारतात. कर्नाटकाच्या सीमाभागात भालकी, औराद, कमालनगर, बसवकल्याण, खाली आळंदपर्यंत हीच तऱ्हा. मातीला जमलेल्या माणसांत कुजबुज सुरू होते. कुणी म्हणतो बांधाच्या भांडणातून कुणीतरी केलं, कुणी म्हणतो घरच्यांनी टेन्शन दिलं, कुणाला लशीचा संशय, कुणाला बायकोच्या पायगुणाचा. तेराव्यापर्यंत या सगळ्यांतून एक आरोपी नक्की होतो आणि पुढची कित्येक वर्षे त्या घरात त्याच्यावरूनच जेवणे-बोलणे तुटते.

माझा धाकटा चुलतभाऊ गेला तेव्हा 34 वर्षांचा होता. सोयाबीनच्या राशीचे दिवस होते. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार, लोकांचे अप्पू, गेल्याला जेमतेम वर्ष होत होते, त्यामुळे ‘अप्पूसारखं झालं’ हे वाक्य त्या दिवशी ओट्यावर किती जणांनी म्हटले त्याला हिशेब नाही. पुनीत 29 ऑक्टोबर 2021 रोजी, वयाच्या 46व्या वर्षी गेले. व्यायामानंतर अस्वस्थ वाटले आणि काही तासांत सगळे संपले. तेव्हापासून आमच्याकडे जिम हा शब्द कानावर पडला तरी आया घाबरतात. भावाने आयुष्यात जिमचे दार पाहिले नव्हते. पोती मात्र तो एकटा उचलायचा.

‘काहीच त्रास नव्हता हो, हसतबोलत गेला,’ असे सगळे सांगत होते. ते खरे नव्हते. आदल्या दोन दिवसांत त्याच्या छातीत जळजळत होते, डावा खांदा आणि जबडा दुखत होता, एकदा तर मळणीयंत्राजवळ उभा असताना ऊन नसतानाही घामाने शर्ट चिंब झाला होता. गावातल्या एका दवाखान्यात ‘पित्त आहे’ म्हणून इंजेक्शन मिळाले, बरे वाटले, तो परत राशीवर गेला. ही हकिगत आम्हाला त्याच्यासोबतच्या गड्याकडून नंतर कळली. म्हणून सांगतो, अशा वेळी शेवटच्या दोन दिवसांत सोबत कोण होते ते शोधा आणि ते काय सांगतात ते वहीत उतरवून ठेवा. आठवड्याने तोच माणूस ‘काही नव्हतं, ठणठणीत होता’ असेच म्हणायला लागतो. त्याचा दोष नाही, त्यालाही आपल्या अंगावर घ्यायचे नसते.

शवविच्छेदनाचा विषय निघाला तेव्हा घरात दोन तट पडले. थोरले काका म्हणाले, ‘पोराला आता चिरफाड कशाला?’ भाऊबंदांनी मान डोलावली. तेवढ्यात काकू, म्हणजे त्याची सख्खी आई, जी सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, ‘माझा धाकटा हाय अजून. करा काय ते.’ तिथे वाद संपला. पोलीस ठाण्यात अर्ज, पंचनामा, सरकारी दवाखाना, दिवस मावळेपर्यंत थांबणे हे सगळे पार पडले. हृदयाचा भाग तपासणीला पाठवला. अहवाल यायला काही महिने गेले. त्यात लिहिले होते की हृदयाच्या मुख्य रक्तवाहिनीत चरबीचा जुना थर होता, त्यावर रक्ताची ताजी गुठळी अडकली होती.

34व्या वर्षी जुना थर! घरातल्यांना सगळ्यात जास्त धक्का याच दोन शब्दांनी बसला. पण डॉक्टरांना त्याचे नवल वाटले नाही. आपल्या लोकांत हा आजार पाश्चात्त्यांपेक्षा दहा-एक वर्षे आधी गाठतो. थर लहान असला, रक्तवाहिनी निम्मीसुद्धा भरलेली नसली, तरी तो फुटू शकतो. फुटला की तिथे गुठळी धरते आणि वाट बंद होते. म्हणूनच काल पोती उचलणारा आज जातो. तंबाखू, साखर, रक्तदाब, घराण्यातले कोलेस्टेरॉल हे त्या थराचे जुने भागीदार. भावाच्या दाढेखाली दिवसभर तंबाखू असायची. कर्नाटकात 2013पासून गुटख्यावर बंदी आहे. पानटपरीवर ती किती पाळली जाते हे तुम्हीही बघता, मीही बघतो.

तरुणांच्या अशा मरणांत सगळीच गुठळीची नसतात. काहींच्या हृदयाचा स्नायू जन्मजात जाड होत जातो, काहींच्या हृदयातल्या विजेच्या वहनातच खोट असते, त्यात रक्तवाहिन्या स्वच्छ असतात. स्नायू जाड होण्याचा आजार साधारण 500 माणसांत एकाला असतो आणि तो आनुवंशिक असेल तर सख्ख्या भावंडांत व मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी धरतात. आता काकूंच्या त्या एका वाक्याकडे पाहा. शवविच्छेदन गेलेल्यासाठी नसतेच. मागे उरलेल्या भावंडांची कोणती तपासणी करायची, ते त्यावरून ठरते.

‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू’ एवढ्यावर समाधान मानू नका. हृदयक्रिया प्रत्येकाचीच बंद पडते, ती का पडली ते कागदावर यायला हवे. अहवालाची प्रत मागून घ्या आणि ती हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा. काकूंच्या त्या धाकट्या मुलाचा ईसीजी, टूडी इको, साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलच्या तपासण्या झाल्या. वरून निरोगी. कोलेस्टेरॉल मात्र इतके चढलेले, की डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळी सुरू केली आणि बहिणींनाही बोलावून घेतले. त्यांनी लायपोप्रोटीन-ए नावाची एक रक्ततपासणीही सांगितली. ती बहुधा आयुष्यात एकदाच करावी लागते आणि घराण्यातला धोका दाखवते.

लशीबद्दलही बोलून टाकतो, कारण तो वाद आमच्या ओट्यावर अजून मिटलेला नाही. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, 18 ते 45 वयातल्या, कारण न कळलेल्या 729 आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास करून तो 2023मध्ये प्रसिद्ध केला. लशीमुळे धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी दिसला. धोक्याशी ज्यांचा संबंध दिसला त्या गोष्टी वेगळ्याच होत्या: कोविडसाठी दवाखान्यात भरती व्हावे लागलेले असणे, घराण्यात पूर्वी कुणी अचानक गेलेले असणे, मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत बेसुमार दारू, नशेचे पदार्थ किंवा जोरकस श्रम. ‘घराण्यात पूर्वी कुणी’ हे वाचताना मला आमच्या आजोबांचे भाऊ आठवले. ते चाळिशीत मोटेवर पडले होते आणि आम्ही लहानपणापासून त्यांना भूतबाधा झाली होती असे ऐकत आलो.

पुढे 2025च्या जूनमध्ये हासन जिल्ह्यातल्या आकस्मिक मृत्यूंच्या बातम्यांनी सगळ्या कर्नाटकात घबराट उडाली. बेंगळुरू-म्हैसूरच्या जयदेव हृदयरोग रुग्णालयांत तपासणीला रांगा लागल्या. सरकारच्या तज्ज्ञ समितीने कागद तपासले तेव्हा हृदयविकाराचे म्हणून मोजलेले काही मृत्यू वेगळ्याच कारणांचे निघाले. उरलेल्यांत अनेकांना मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, दारू यांतले काही ना काही होतेच. त्यानंतर दवाखान्याबाहेरच्या आकस्मिक मृत्यूची नोंद आणि शवविच्छेदन सक्तीचे करण्याचे राज्याने जाहीर केले. आमच्या वेळी हे नव्हते, सगळे एका बाईच्या शब्दावर झाले.

जिवंत माणसासाठी काय करायचे, तेही सांगतो. छातीत दाब, जबडा-खांदा-हात दुखणे, विनाकारण घाम, दम लागणे यांपैकी काही असेल तर ओवा, सोडा, पित्ताची गोळी यांत वेळ घालवू नका, 108ला फोन करा. ओळखीचा डॉक्टर कुठे आहे हे न बघता ईसीजी कुठे लगेच निघेल ते बघा. पहिला ईसीजी साफ आला तरी दुखणे चालू असेल तर थोड्या वेळाने दुसरा काढायला लावा, रक्तातले ट्रोपोनिन तपासायला सांगा. भालकीहून बिदर चाळीसेक किलोमीटर आहे आणि त्या रस्त्यात बरेच काही बिघडू शकते. पुनीत राजकुमार यांच्या नावाच्या ‘हृदय ज्योती’ योजनेत तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत ईसीजी काढून तो मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञांकडे पाठवतात आणि गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन तिथेच फुकट देतात. तुमच्या तालुक्यात ती सोय चालू आहे का, हे आजच चौकशी करून ठेवा. कलबुर्गीत जयदेवचे 371 खाटांचे रुग्णालय डिसेंबर 2024मध्ये सुरू झाले, पण तिथे पोहोचेपर्यंतचा तास तालुक्याच्या हाती असतो.

माणूस कोसळला, हलवून उठत नाही, श्वास नाही किंवा नुसतेच आचके आहेत, तर पाणी पाजू नका, कांदा हुंगवू नका. एकाने 108 लावावा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला 100 ते 120 वेळा, किमान पाच सेंटीमीटर खोल दाबत राहावे. दमलात तर माणूस बदला, दाबणे थांबवू नका. अभिनेते श्रेयस तळपदे यांना डिसेंबर 2023मध्ये, वयाच्या 47व्या वर्षी झटका आला, हृदय थांबले आणि तरीही ते परत उभे राहिले. थांबलेले हृदय वेळेत मदत मिळाली तर सुरू होते, हे आपल्या लोकांच्या अजून डोक्यात शिरलेले नाही.

आता मागे राहिलेल्या घराचे. भावाची मुलगी सहा वर्षांची होती. ‘बाबा झोपेत गेले’ असे कुणीतरी तिला सांगितले. तेव्हापासून ती रात्री आईच्या नाकासमोर हात धरून बसायची, श्वास लागतोय का बघायला. स्वतः झोपायची नाही. शेवटी तिच्या मावशीने सरळ सांगितले, बाबांच्या हृदयात रक्त जायची वाट बंद झाली, म्हणून ते वारले, झोपल्यामुळे नाही. हळूहळू ती झोपायला लागली. मुलांना खरे सांगा, लहान शब्दांत सांगा, पण देवबाप्पा-तारे-झोप यांत गुंडाळू नका.

भावाच्या बायकोच्या बांगड्या फोडायला दोन बायका पुढे झाल्या होत्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022मध्ये विधवांच्या या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, ती बातमी तिने मोबाईलवर वाचलेली होती. ती फक्त ‘नको’ म्हणाली आणि मी तिच्यासमोर उभा राहिलो. भांडण झाले, पण निभावले. पुरुषांनी अशा वेळी अंगणात बसून विडी ओढत राहू नये, एवढेच माझे म्हणणे.

पैशाचा गुंता तेराव्याआधीच सुरू होतो. बँकेत 20 रुपये कापले जातात ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना अपघाताची, हृदयविकाराला तिचा उपयोग नाही. 436 रुपयांची पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजना मात्र कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूला दोन लाख देते, फक्त नोंदणीनंतरचे पहिले 30 दिवस अपघात सोडून भरपाई नसते. अनेक घरांना खात्यातून काय कापले जात होते हेच ठाऊक नसते, म्हणून पासबुकातल्या नोंदी वाचा. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करा. पहाणीवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, वारसांची फौती वेळेत लावा, नाहीतर भाऊबंद सुतक संपायच्या आत तलाठ्याला भेटतात. उसनवारीचे निरोप घेऊन कुणी आले तर तोंडी कबूल करू नका.

धाकट्याला वर्षभर छातीत दुखत होते. ईसीजी साफ, इको साफ, तरी रात्री दोनला उठून ‘मला गाडीत घाला’. भाऊ गेलेल्या माणसाला असे होते, त्याला नाटक म्हणू नका. एकदा नीट तपासणी झाल्यावर पुन्हा पुन्हा ईसीजी काढण्याने भीती वाढते, कमी होत नाही. त्याने 14416 या टेली-मानसच्या नंबरवर बोलायला सुरुवात केली, फोन फुकट असतो आणि मराठीतही बोलता येते. पुढे कलबुर्गीला एका मानसोपचारतज्ज्ञाकडे काही महिने गेला. आता तो गोळी घेतो, तंबाखू सुटली आहे. पळत्या पट्ट्यावरची तपासणी करून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तो पुन्हा टेनिस बॉलचे सामने खेळतो. त्याने बॉलिंगला धाव घेतली, की काकू घरातून बाहेर येऊन ओरडतात. त्यांना डॉक्टरांचा कागद दाखवून झाला आहे. तरी ओरडतात.