चढ, उतार आणि गिअर : ओझे ओढणाऱ्या पिकअप गाडीचे यंत्रशास्त्र

एखाद्या घराच्या स्लॅबचे काम आटोपले की काँक्रीट कालवण्याचे यंत्र, ज्याला सर्वत्र नुसते ‘मिक्सर’ म्हणतात, पिकअप गाडीच्या मागे जोडून पुढच्या कामावर नेले जाते. हे दृश्य वाचकांनी अनेकदा पाहिले असेल. पुढे हौद्यात फळ्या, घमेली आणि सळयांचे तुकडे. मागे दोन चाकांवर डुलत येणारे ते लोखंडी धूड. सपाट रस्त्यावर ह्या जोडीकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. परंतु रस्ता चढू किंवा उतरू लागला म्हणजे चालकाच्या डाव्या हातातील दांडा आणि डाव्या पायाखालील पायटा ह्यांना एकाएकी फार मोठे महत्त्व येते. तसे का होते, हे समजून घेण्यास शाळेत शिकलेले ऊर्जेचे नियम पुरेसे आहेत.

प्रारंभी इंजिनाचा एक स्वभावदोष ध्यानात घेतला पाहिजे. बैल उभ्या जागेवरून गाडीला हिसका देऊ शकतो. वाफेचे इंजिनही स्थिर असता पूर्ण जोराने ओढू शकते. पेट्रोल वा डिझेलचे इंजिन मात्र स्वतः फिरत असल्यावाचून काडीचेही काम करू शकत नाही. ते मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांच्या खाली आले की गुदमरते आणि बंद पडते. गाडी तर थांबलेल्या अवस्थेतूनच निघावयाची असते. फिरते इंजिन आणि स्थिर चाके ह्यांची गाठ घालून देणारा मध्यस्थ म्हणजे क्लच. इंजिनाच्या जड प्रचक्रावर क्लचची तबकडी हळूहळू दाबली जाते, काही क्षण घसरत राहते आणि अखेर दोघांचा वेग एक होतो. घसरण म्हणजे घर्षण आणि घर्षण म्हणजे उष्णता. ही उष्णता किती, हा आपला पहिला प्रश्न.

हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. सामानासह पिकअपचे वजन २,००० किलोग्रॅम व मागील मिक्सरचे १,००० किलोग्रॅम, मिळून ३,००० किलोग्रॅम. पहिल्या गिअरमध्ये गिअरपेटीतील प्रमाण ४, दुसऱ्यामध्ये २.३ आणि चौथ्यामध्ये १ आहे. मागील आसाजवळच्या दंतचक्रांमुळे हे आकडे आणखी चौपट होतात. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या १६ फेऱ्या होतात तेव्हा चाकाची एक फेरी होते. पहारेने दगड उचलताना हात बराच खाली जातो आणि दगड जरासा वर येतो. त्या जरासे येण्यातच जोर असतो. गिअर म्हणजे फिरती पहारच होय. फेऱ्या जितक्या पट कमी होतात, तितक्याच पट चाकाला मिळणारा पीळ वाढतो.

इंजिन मिनिटाला १,००० फेऱ्या करीत असेल, तर पहिल्या गिअरमध्ये गाडीचा वेग ताशी ८ किलोमीटरांच्या आसपास पोहोचताच क्लचचे घसरणे थांबते. दुसऱ्या गिअरमध्ये तोच क्षण येण्यास ताशी सुमारे १४ किलोमीटर वेग गाठावा लागतो. सपाट रस्त्यावर निघताना क्लचमध्ये निर्माण होणारी उष्णता त्या क्षणी गाडीला प्राप्त झालेल्या गतिज ऊर्जेइतकीच असते, असे गणिताने दाखवता येते; आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून पहिल्या गिअरमध्ये निघाल्यास ही उष्णता सुमारे ८,००० ज्यूल भरते, तर दुसऱ्यात निघाल्यास सुमारे २४,००० ज्यूल. “रिकामी गाडी दुसऱ्यावर उचलते, मग भरलेली का नाही?” असे विचारणाऱ्यास हे तिप्पट उत्तर द्यावे.

तथापि क्लचचा खरा घात सपाटीवर होत नाही. चढावर वाहनांची रांग लागली आहे, पुढची गाडी दर मिनिटाला दोन हात सरकते आणि आपला चालक हँडब्रेक लावण्याऐवजी अर्धा क्लच सोडून गाडी जागच्या जागी तोलून धरतो. हा प्रकार दिसण्यात कौशल्याचा वाटतो आणि पुष्कळांना त्याचा अभिमानही असतो. दहास एक अशा चढावर आपली ३,००० किलोग्रॅमची जोडी तोलून धरण्यास सुमारे २,९४० न्यूटन प्रेरणा लागते. इंजिन मिनिटाला १,२०० फेऱ्या करीत असेल, तर ही प्रेरणा पुरवताना क्लचमध्ये सुमारे ८ किलोवॅट उष्णता निर्माण होते. गाडी तसूभरही पुढे जात नसल्याने इंजिनाने क्लचला दिलेली सगळी शक्ती तेथेच जळते. एक किलोवॅटच्या आठ विजेच्या शेगड्या एका बंद लोखंडी डब्यात पेटवून ठेवल्यासारखे हे झाले. जळक्या क्लचप्लेटचा उग्र वास येतो तो ह्यामुळेच. थांबायचे तर हँडब्रेक लावावा, गिअर न्यूट्रल करावा आणि निघताना पहिला गिअर टाकून, क्लच पकडू लागल्याची थरथर जाणवली की हँडब्रेक सोडावा. दोन टनांच्या गाडीला मागचे एक टन खाली खेचत असताना हा क्रम चुकला तर जोडी मागे घरंगळते, आणि मागे घरंगळणारी जोडी सरळ रेषेत घरंगळत नाही. मिक्सरचा दांडा एका अंगास वळतो व दोन्ही धुडे कात्रीच्या पात्यांसारखी मिटू लागतात.

येथे गिअर बदलण्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. जुन्या गाड्यांत निरनिराळ्या वेगांनी फिरणारी दंतचक्रे एकमेकांत सरकवावी लागत आणि चुकल्यास कर्कश खरखर होई. १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाड्यांत ‘सिंक्रोमेश’ रचना आली. तीत दात गुंतण्यापूर्वी लहान शंक्वाकार पृष्ठे एकमेकांवर घासून वेग जुळवून घेतात. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपला दुसऱ्या व तिसऱ्या गिअरपुरती ही सोय होती, पहिल्याला नव्हती. १९४७ पासून मुंबईत जुळणी होऊ लागलेल्या जीपगाड्यांवर ज्यांनी हात बसवला, त्यांना चालत्या गाडीत पहिला गिअर टाकावयाचा तर दोनदा क्लच दाबण्याची आणि मधल्या क्षणी इंजिनाचा वेग वाढवण्याची युक्ती शिकावी लागे. आज ती लोपत चालली आहे. ह्याचे मला थोडे वाईट वाटते, कारण त्या युक्तीने चालकाला इंजिनाच्या फेऱ्या कानांनी मोजण्याची सवय लागत असे.

आता उताराकडे वळू. कारण चढावर चूक झाली तर क्लच जातो, उतारावर मात्र माणसे जातात.

खंडाळ्याहून खोपोलीकडे बोरघाटाने उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. ३,००० किलोग्रॅम वस्तुमान इतके खाली आले म्हणजे त्याची स्थितिज ऊर्जा सुमारे १ कोटी ४७ लाख ज्यूलांनी घटते. एवढ्या ऊर्जेने सत्तेचाळीस लिटर गार पाण्याला उकळी आणता येईल. गाडी वेग न वाढवता उतरावयाची असेल, तर ही सारी ऊर्जा वाटेत कोठेतरी सांडून दिली पाहिजे. पंधरास एक अशा उतारावर ताशी ३० किलोमीटर वेगाने जाताना टायर व हवा ह्यांचा विरोध मिळून जेमतेम चौथा हिस्सा खातो. उरलेल्या तीन हिश्शांचे काय?

चालकाने गाडी न्यूट्रल केली असेल, तर उत्तर एकच : ब्रेक. पिकअपच्या ब्रेकच्या लोखंडी चकत्या व ड्रम ह्यांचे एकूण वजन ४० किलोग्रॅम धरले आणि उष्णता मुळीच बाहेर गेली नाही असे मानले, तर त्यांचे तापमान ५०० अंशांहून अधिक वाढेल. वास्तविक बरीच उष्णता वाऱ्याने वाहून जाते, म्हणून प्रत्यक्ष आकडा ह्यापेक्षा कमी असतो. परंतु ब्रेक निकामी होण्यास इतके तापण्याची गरजही नसते. तापलेल्या लाइनरची पकड ढिली पडते. तापलेला ड्रम प्रसरण पावून लाइनरपासून दूर सरकतो आणि पायटा नेहमीपेक्षा खोल जाऊ लागतो. सर्वांत दगलबाज गोष्ट म्हणजे ब्रेकचे तेल. ‘डॉट ३’ प्रतीचे तेल नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक आहे. पण हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते आणि ओले झाल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. नळीत वाफेचे बुडबुडे झाले की पायाने दिलेला दाब त्या बुडबुड्यांना चेपण्यातच संपतो. पायटा तळाला टेकतो आणि गाडी चालतच राहते. अशा वेळी “ब्रेक फेल झाला” म्हणतात. वस्तुतः तो एका क्षणात फेल झालेला नसतो. वरच्या पाच-सहा किलोमीटरांत तो हळूहळू शिजत आलेला असतो.

आणि मागचा मिक्सर? त्याला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. त्याचे हजार किलोग्रॅम थोपवण्याचे कामही पुढच्या गाडीच्याच ब्रेकना करावे लागते.

गिअरमधील गाडी उतरू लागली की प्रकार निराळा होतो. चाकेच इंजिनाला फिरवतात. दट्ट्यांचे घर्षण, हवा आत ओढणे व बाहेर ढकलणे, तेलाचा व पाण्याचा पंप चालवणे ह्यांत ऊर्जा खर्ची पडते आणि तिची उष्णता रेडिएटर, धुराडे व इंजिनाचे अंग ह्यांतून निघून जाते. ह्या भागांची रचनाच उष्णता टाकण्यासाठी असते, हे विसरू नये. सिलिंडरात हवा दाबली जाते म्हणून गाडी अडते, असा एक समज आहे. तो अपुरा आहे. दाबलेली हवा स्प्रिंगप्रमाणे दट्ट्याला परत ढकलते व घेतलेले बरेचसे परत देते. तेवढ्याचसाठी काही जड वाहनांत धुराड्याची वाट अडवणारा निराळा ब्रेक बसवलेला असतो.

इंजिनाचा हा उपयोग किती होईल हे त्याच्या फेऱ्यांवर, म्हणजेच गिअरवर अवलंबून असते. आपल्या गाडीत ताशी ३० किलोमीटर वेगाला चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे ९०० फेऱ्या करते. त्याचा विरोध नगण्य. त्याच वेगाला दुसऱ्यामध्ये सुमारे २,१०० फेऱ्या होतात, आणि अडीच लिटरच्या डिझेल इंजिनाला ह्या गतीने ओढून फिरवण्यास सात-आठ किलोवॅट लागतात असे ढोबळ मानाने धरता येईल. ब्रेकवर येऊ पाहणारा भार बारा किलोवॅटांचा होता. त्यातील निम्म्याहून अधिक इंजिनाने उचलला. वळणे तीव्र असतील तर पहिल्या गिअरमध्ये ताशी २० किलोमीटरने उतरावे. वेग कमी झाल्याने मुळात सांडावयाची शक्तीही कमी होते.

नीलगिरी जिल्ह्यात उदगमंडलमहून मसिनगुडीकडे उतरणारा कल्लट्टी घाट ह्या बाबतीत प्रसिद्ध आहे. त्याला ३६ हेअरपिन वळणे आहेत आणि उतार बोरघाटाहून पुष्कळच उभा. सपाट प्रदेशातून आलेल्या चालकांना तेथे वारंवार अपघात झाले आहेत, आणि खालच्या गिअरमध्ये उतरा अशी सूचना रस्त्यावर ठिकठिकाणी दिली जाते. ज्या गिअरमध्ये हा रस्ता चढावा लागेल त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आपल्या हिशेबाशी चांगला जुळतो. मात्र गिअर निवडावा तो उतार सुरू होण्यापूर्वी. गाडी ताशी साठावर गेल्यावर दुसरा गिअर टाकू पाहणाऱ्याला सिंक्रोमेशही साहाय्य करू शकत नाही. दांडा आत जात नाही, आणि तो प्रयत्न चालू असेतो गाडी न्यूट्रलमध्येच धावत असते.

न्यूट्रलने डिझेल वाचते, ही समजूत आपल्या देशात खोलवर रुजलेली आहे. इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठ्याच्या आजच्या इंजिनांत तर ती सरळ उलटी ठरते. गाडी गिअरमध्ये उतरत असता प्रवेगकावरून पाय काढला की इंधन पूर्णपणे बंद होते, कारण इंजिनाला चाकेच फिरवीत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जाळावेच लागते.

जोडणीविषयी थोडक्यात. मागील ओझ्याच्या दहा ते पंधरा टक्के वजन गाडीच्या हुकवर आले पाहिजे. आपल्या मिक्सरसाठी ते १०० ते १५० किलोग्रॅम होते. ते फार कमी असेल, अर्थात ओझ्याचा गुरुत्वमध्य त्याच्या आसाच्या मागे गेला असेल, तर विशिष्ट वेगानंतर ओझे शेपटीसारखे डावी-उजवीकडे हेलकावू लागते आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. फार अधिक झाले तर पुढची चाके हलकी होतात : हुक मागील आसाच्या १.२ मीटर मागे व दोन आसांतील अंतर ३ मीटर असेल, तर हुकवरील १०० किलोग्रॅम पुढच्या आसावरून ४० किलोग्रॅम उचलून घेतात आणि स्टिअरिंग पोकळ वाटू लागते. हेलकावे सुरू झाले तर स्टिअरिंग सरळ धरून प्रवेगकावरून पाय हळूच काढावा. वेग वाढवून ते ‘ताणून’ सरळ करण्याचा सल्ला काही जण देतात. तो प्राणघातक आहे.

घाट उतरून झाल्यावर सावलीला थांबणे चांगले. परंतु चाकांतून जळका वास येत असेल, तर त्यांवर पाणी ओतू नये. तापलेले ओतीव लोखंड अशाने तडकते. गाडी सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, चाकांखाली दगड लावावेत आणि ड्रम आपोआप निवू द्यावेत. पुन्हा निघण्यापूर्वी पायटा दाबून पाहावा : तो सकाळी जेथे अडत होता तेथेच अडला पाहिजे.