गिअरपेटीचा दोष कसा ओळखावा

मोटारीच्या इंजिनास एक मोठी मर्यादा आहे. तें अगदीं सावकाश फिरूं लागलें तर त्यांत जोर उरत नाहीं व तें बंद पडतें. उलट, जोर यावा म्हणून तें भराभर फिरविलें, तर उभ्या गाडीचीं चाकें एकदम तितक्या वेगानें फिरविणें त्यास शक्य होत नाहीं. ही अडचण दूर करण्याकरितां इंजिन व चाकें यांच्यामध्यें दांतेरी चाकांची जी पेटी बसविलेली असते, तिला गिअरपेटी असें म्हणतात. एस. टी.ची बस घाट चढूं लागली म्हणजे चालक खालचा गिअर घालतो, इंजिनाचा आवाज चढतो, आणि गाडी मंद परंतु निश्चयानें वर जाऊं लागते, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें आहे.

ह्या पेटीचें कार्य व तिचे विकार यांचा विचार आज आम्ही एका विशिष्ट गाडीच्या आधारें करणार आहोंत. ती गाडी म्हणजे इंग्लंडांतील एम. जी. बी. ही स्पोर्ट्‌स मोटार होय. ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डन गांवीं १९६२ पासून १९८० पर्यंत ही गाडी तयार होत असे, व त्या काळांत अशा पांच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. आज त्यांतील सर्वांत धाकट्या गाडीनेंही चाळिशी ओलांडली आहे. तथापि हौशी लोक त्या अद्याप घेतात, विकतात व चालवितात. घेणारा पुष्कळदां पहिल्या मिळकतींतून शिल्लक टाकून आलेला एखादा तरुण असतो. आठ दिवसांत त्याचा गिअर खरखरूं लागतो, आणि मिस्त्री सांगतो, "पेटी गेली." हे दोन शब्द फार महाग आहेत. कारण ह्या गाडीची पेटी एकटी खालून निघत नाहीं. इंजिन व पेटी हीं जोडीनेंच वर उचलून काढावीं लागतात. म्हणून दोष खरोखर पेटींतच आहे काय, हें ती उघडण्यापूर्वीं बाहेरूनच ठरवितां आलें पाहिजे. त्याकरितां हातोड्यापेक्षां विचाराची गरज अधिक आहे.

प्रथम पेटीच्या आंत काय असतें तें पाहूं. इंजिनाकडून क्लचमधून येणारा एक पुढील दांडा असतो. त्याच्या खालीं, त्यास समांतर, दुसरा दांडा असतो. त्यास लेशाफ्ट म्हणतात. तिसरा मुख्य दांडा, जो मागील चाकांकडे जातो. पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या गिअरांत शक्ति पुढील दांड्यावरून लेशाफ्टवर उतरते व तेथून मुख्य दांड्यावर चढते. चौथ्या गिअरांत मात्र पुढील व मुख्य हे दोन दांडे एकमेकांस सरळ जोडले जातात, आणि लेशाफ्ट नुसता रिकामा फिरत राहतो. ही गोष्ट वाचकांनीं पक्की ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे. ह्या गाडीच्या आरंभीच्या पेटींत पहिल्या गिअरांत इंजिनाचे सुमारें ३.६ फेरे झाले म्हणजे मुख्य दांड्याचा एक फेरा होतो. दुसऱ्यांत हें प्रमाण २.२, तिसऱ्यांत १.४ व चौथ्यांत बरोबर १ असें आहे.

आतां गिअर बदलतांना खरखर कां होते, याचें थोडें गणित करूं. चौथ्या गिअरांत इंजिनानें मिनिटास १००० फेरे घेतले म्हणजे ही गाडी ताशीं सुमारें १८ मैल चालते. त्यावरून, ती तिसऱ्या गिअरांत ताशीं ३० मैल जात असतां इंजिनाचे फेरे सुमारें २३०० असतात. त्याच वेगांत दुसरा गिअर घालावयाचा तर ते सुमारें ३७०० व्हावयास पाहिजेत. हा १४०० फेऱ्यांचा फरक क्षणार्धांत भरून निघाला नाहीं, तर दांत्यावर दांता आदळणारच. हें टाळण्याकरितां अर्ल टॉम्सन नांवाच्या अमेरिकन इंजिनिअरनें सिंक्रोमेशची युक्ति काढली, व १९२८ सालीं कॅडिलॅक मोटारींत ती प्रथम आली. तींत शंकूच्या आकाराचें पितळेचें एक कडें असतें. दांते एकमेकांत शिरण्यापूर्वीं हें कडें घर्षणानें दोहोंचा वेग सारखा करून घेतें. एम. जी. बी.मध्यें १९६७ पर्यंत पहिल्या गिअरास असें कडें नव्हतें; त्या वर्षाच्या अखेरीस आलेल्या नव्या पेटींत तें पुढील चारही गिअरांस मिळालें. मागें जाण्याच्या गिअरास मात्र तें कधींच नव्हतें.

येथेंच मुख्य मुद्दा येतो. क्लच दाबला असतां पुढील दांडा इंजिनापासून सुटतो, व पितळी कड्यास केवळ तो दांडा, लेशाफ्ट व क्लचची तबकडी एवढ्यांचाच वेग बदलावा लागतो. परंतु क्लच जर पुरता सुटला नाहीं, तर त्या इवल्याशा कड्यावर सबंध इंजिन ओढण्याची पाळी येते. तें त्याच्यानें होत नाहीं, आणि खरखर होते. म्हणजे कडें झिजलेलें असो अथवा क्लच अपुरा सुटत असो, चालकाच्या कानीं येणारी तक्रार एकच! एका लक्षणाचीं दोन कारणें असलीं तर तीं वेगळीं करणारी परीक्षा शोधून काढणें, हेंच शास्त्राचें काम होय.

ती परीक्षा अशी. गाडी उभी ठेवून इंजिन मंद चालूं द्यावें. क्लच पूर्ण दाबून दहा सेकंद थांबावें व नंतर मागें जाण्याचा गिअर हलकेंच घालावा. क्लच नीट सुटत असेल तर तेवढ्या वेळांत आंतील दांडे फिरावयाचे थांबतात, व गिअर मुकाट्यानें बसतो. दहा सेकंदांनंतरही खरखर झाली, तर दोष क्लचकडे आहे असें समजावें. मग प्रथम क्लचच्या टाकींतील द्रवाची पातळी पाहावी. नंतर नळींत हवा शिरली आहे काय, खालील सिलिंडर गळतो काय, हें पाहावें. पायपट्टीस दट्ट्याशीं जोडणारी एक लहानशी खीळ असते. ती व तिचें भोंक झिजून लांबट झालें म्हणजे पाय खालीं टेकतो, परंतु क्लचपर्यंत हालचाल पोंचत नाहीं. एकानें पायपट्टी दाबावी व दुसऱ्यानें खालील सिलिंडरच्या दट्ट्याची हालचाल मोजावी. ती सुमारें अर्धा इंच भरली पाहिजे. खिळीच्या दोषापायीं इंजिन उचलून बाहेर काढणें, यासारखी दुःखाची गोष्ट दुसरी नाहीं.

क्लच निर्दोष ठरल्यावर तेलाकडे वळावें. ह्या पेटींत इंजिनाचें २०-५० जातीचेंच तेल घालावें, असें गाडीच्या कारखान्याचें सांगणें होतें. पुष्कळ लोक 'गिअरचें तेल' या नांवास भुलून मागील आंसाकरितां असलेलें तीव्र रसायनयुक्त तेल घालतात. त्यांतील कांहीं रसायनें पितळेस बाधतात. शिवाय अशा तेलानें कड्याची पकड सुटून तें घसरूं लागतें. कित्येकदां योग्य तेल बदलून घालतांच अर्धी तक्रार नाहींशी होते. जुनें तेल फेंकून देण्यापूर्वीं तें बोटांमध्यें चोळून पाहावें. पिवळी बारीक भुकटी दिसली तर कडीं झिजत आहेत. चकाकणाऱ्या पोलादी कपच्या दिसल्या तर बेअरिंग अथवा दांते यांची ती साक्ष आहे. आणि तुकडाच हातीं लागला तर गाडी पुढें चालवूं नये.

यानंतर कान लावावा. इंजिन चालू, गिअर रिकामा व पाय क्लचवरून काढलेला, अशा स्थितींत घरघर येत असून क्लच दाबतांच ती थांबली, तर ती पेटीच्या आंतील फिरत्या बेअरिंगांची आहे. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज उठला, तर तो क्लचच्या दाब-बेअरिंगचा आहे. ह्या गाडींत तें गोळ्यांचें नसून कार्बनचें असतें, म्हणून विनाकारण क्लचवर पाय ठेवून चालविणारा तें लवकर झिजवितो. आतां मघांची गोष्ट आठवावी. चालत्या गाडींत पहिल्या तीन गिअरांत घरघर होते व चौथ्यांत ती मावळते, असें आढळलें तर संशय लेशाफ्टवर धरावा. कारण चौथ्या गिअरांत त्याच्यावर भार नसतो. जाड तेल घातल्यानें हा आवाज दबतो, परंतु झीज थांबत नाहीं.

दुसऱ्या अथवा तिसऱ्या गिअरांत वेग घेऊन एकाएकीं पाय उचलला असतां दांडा आपोआप उडून रिकाम्या जागीं येत असेल, तर तो दोष पेटीच्याच आंतला असतो. जोडणीचे दांते, त्यांस सरकविणारा कांटा अथवा जागा धरून ठेवणारी कमान, यांपैकीं कांहींतरी झिजलेलें असतें. उतारावर गिअर सुटणें धोक्याचें आहे. त्या दोषाची चालढकल करूं नये.

कांहीं गाड्यांत पेटीच्या मागें ओव्हरड्राइव्ह नांवाचा एक जोड असतो. तो चालू केला म्हणजे त्याच वेगास इंजिनाचे फेरे सुमारें पंचमांशानें कमी होतात. तो चालेनासा झाला तर प्रथम विजेची तार, पेटीवरील स्विच व सोलेनॉइड तपासावें, आणि तेलाची पातळी पाहावी. कारण पेटी व हा जोड एकाच तेलावर चालतात. पुष्कळदां दोष तारेंतच सांपडतो. मात्र तो चालू स्थितींत अडकून राहिला असेल, तर गाडी मुळींच मागें घेऊं नये. तसें केल्यास त्याच्या आंतील एकदिशा क्लच मोडतो.

इतक्या परीक्षा होऊन दुसऱ्या गिअराचें कडेंच झिजलें आहे असें ठरलें, तरी धीर सोडण्याचें कारण नाहीं. गिअर उतरवितांना क्लच दाबून दांडा मध्यें आणावा, क्लच सोडून इंजिनास थोडा वेग द्यावा, पुन्हां क्लच दाबावा व मग गिअर घालावा. कड्याचें काम अशा रीतीनें चालकाचा पाय करतो. ही कला साधली म्हणजे झिजल्या कड्याची गाडीही पुष्कळ दिवस चालते, व पैसे जमविण्यास अवधि मिळतो. पेटी उघडण्याची वेळ आलीच, तर त्याच खेपेस क्लच व त्याचें दाब-बेअरिंगही बदलून घ्यावें, म्हणजे मजुरी दोनदां पडणार नाहीं. बदली पेटी घेतांना ती १९६७ च्या बदलापूर्वींची कीं नंतरची, हें अवश्य पाहावें. कारण नवी पेटी आकारानें मोठी असून जुन्या गाडींत फेरफार केल्यावांचून बसत नाहीं.

गाडी विकत घेणारानें ह्या सर्व परीक्षा पैसे मोजण्यापूर्वीं कराव्या, आणि इंजिन थंड असतांना एकदां व अर्धा तास चालविल्यावर पुन्हां एकदां कराव्या. कारण झिजलें कडें थंडपणीं अधिक बोलतें, तर बेअरिंगचा आवाज तेल पातळ झाल्यावर वाढतो. जें सोपें, स्वस्त व बाहेरून दिसणारें आहे, तें आधीं तपासावें. जें अवघड, खर्चाचें व झांकलेलें आहे, तें सर्वांत शेवटीं उघडावें. हा क्रम ज्यानें संभाळला त्याची फसगत क्वचितच होते.

अभ्यासाकरितां दोन प्रश्न देतों. (१) गिअर रिकामा असतांना पेटी शांत आहे, चौथ्या गिअरांतही शांत आहे, परंतु केवळ दुसऱ्या गिअरांत घरघर होते. दोष कोठें असावा? (२) गाडी ताशीं २० मैल चालत असतां तिसऱ्यांतून दुसऱ्या गिअरांत येतांना पितळी कड्यास किती फेऱ्यांचा फरक भरून काढावा लागेल? विद्यार्थ्यांनीं उत्तरें स्वतः काढून पाहावींत.