कायदा आणि समाज : इंग्लंडमधील एक धडा

इंग्लंडचा कायदा तेथील समाजापासून वेगळा काढून समजत नाही, असे आम्हांस वाटते. जेम्स सॉमरसेट या गुलामास विक्रीसाठी जमैकास नेण्याकरिता लंडनमध्ये जहाजावर कोंडले होते. धन्याला गुलामास बळाने देशाबाहेर नेता येणार नाही, असा निर्णय १७७२ मध्ये न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी दिला. सॉमरसेट सुटला, वसाहतींतील गुलामगिरी मात्र चालूच राहिली. पुढे सामान्य जनांनी पार्लमेंटकडे अर्ज केले, गुलामांच्या श्रमाची साखर वर्ज्य केली. १८३१ मध्ये जमैकातील गुलामांनी उठाव केला. तेव्हा कोठे १८३३ चा मुक्तीचा कायदा झाला. त्यातही २ कोटी पौंडांची भरपाई धन्यांना मिळाली. गुलामांना काहीच नाही. म्हणून कोणताही कायदा वाचताना तो कोणाच्या पदरात काय टाकतो, हे आपण आधी पाहावे.