सूर्यावरचा वारा कसा मोजतात?

शिट्टी वाजवीत येणारी आगगाडी आपल्यासमोरून पुढे गेली, की शिट्टीचा स्वर एकदम उतरतो. हाच डॉप्लर परिणाम होय. प्रकाशाचेही तसेच आहे. प्रकाश देणारा वायू आपल्याकडे येत असेल तर वर्णपटातील काळ्या रेषा जांभळ्या टोकाकडे सरकतात. दूर जात असेल तर तांबड्या टोकाकडे. सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर असलेल्या सूर्यावरचा वारा मोजण्याची किल्ली हीच.

सन १९०८ मध्ये अमेरिकेत हेल यांनी सौर डागांत चुंबकीय क्षेत्र असल्याचे दाखविले. डागात वायू भोवऱ्यासारखा फिरत असावा, असा तेव्हा तर्क होता. ५ जानेवारी १९०९ रोजी कोडाईकानल वेधशाळेत जॉन एव्हरशेड यांनी डागांच्या वर्णपटांची छायाचित्रे घेतली. डागाच्या काळ्या गाभ्याभोवती फिकट कडे असते, त्याला उपच्छाया म्हणतात. तेथील रेषा सरकलेल्या होत्या. पण भोवऱ्यात सरकाव्यात तशा नव्हेत! सूर्यबिंबाच्या कडेजवळील डागात, उपच्छायेच्या बिंबाच्या कडेकडील बाजूस त्या तांबड्याकडे, तर बिंबाच्या मध्याकडील बाजूस जांभळ्याकडे सरकल्या होत्या.

याचा अर्थ काय? एका बाजूचा वायू आपल्यापासून दूर जात होता, दुसऱ्या बाजूचा आपल्याकडे येत होता. म्हणजेच वायू डागाभोवती फिरत नसून डागातून चोहोकडे बाहेर वाहत होता. पण तो उसळून वर येत होता, की पृष्ठभागाला समांतर वाहत होता? डॉप्लर परिणामातून आपल्या दृष्टिरेषेवरील वेगच कळतो, हे येथे ध्यानात ठेवा. डाग बिंबाच्या मध्याशी असताना हे सरकणे जवळजवळ नाहीसे होई. तेथे पृष्ठभागाला समांतर वाहणारा वायू दृष्टिरेषेला काटकोनात असतो. उत्तर मिळाले : प्रवाह समांतर आहे. यालाच आज एव्हरशेड परिणाम म्हणतात.

हा वेग सेकंदाला सुमारे २ किलोमीटर असतो. ६००० अँगस्ट्रॉम तरंगलांबीची रेषा त्यामुळे किती सरकेल?

६००० × २ ÷ ३,००,००० = ०.०४ अँगस्ट्रॉम

एवढे सूक्ष्म अंतर मोजून त्यांनी हा निष्कर्ष काढला!

आता तुम्ही करून पाहा : हायड्रोजनची ६५६३ अँगस्ट्रॉमची रेषा तांबड्याकडे १ अँगस्ट्रॉम सरकली, तर वायूचा वेग किती व दिशा कोणती? मात्र दुर्बिणीतून किंवा नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे कधीही थेट पाहू नका.

(उत्तर : सेकंदाला सुमारे ४६ किलोमीटर, आपल्यापासून दूर.)